कापसाच्या चाकांची गाडी

दिवाळी अंकांचे संपादक मला अधूनमधून लेख मागतात. मी शाळेवर लिहिलं, नदीवर लिहिलं, घाटंजीच्या बाजारावर आणि टेकडीवरच्या सीताफळांवरही लिहिलं. कापसाच्या दिवसांवर लिहा म्हटलं की मात्र तब्येतीचं कारण सांगायचो. तब्येत ठणठणीत असायची. त्या दिवसांवर लिहायला बसलं तर एका गाडीवर लिहावं लागेल, गाडीवर लिहिलं की भिमाबाईवर लिहावं लागेल, आणि तिथे हात थांबायचा. भीती वाटायची, दुसरं काही नाही. आता ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली असती त्यांतलं कोणी उरलेलं नाही. म्हणजे लिहिण्यात धाडसाचंही काही राहिलेलं नाही. तरी लिहितो, कारण तिच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, अजूनही ही गोष्ट चुकीची सांगितली जाते.

आमच्या गल्लीत वेचणीचे दिवस आले की आधी वास येतो. शेजारच्या राऊतांनी यंदाही समोरच्या खोलीत कापूस भरलाय, खिडकीच्या गजांपर्यंत. कापूस भरलेल्या घराला एक कोमट, धुळकट वास असतो. अंगाला खाज सुटते, पोरांच्या हातांवर लाल पुरळ उठतं. लोकांना त्यात घर भरल्यासारखं वाटतं. मला झोप लागत नाही. दुपारी काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्याकडे जातो आणि बोलता बोलता ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. राऊतांची सून हसते.

"काय शोधून राह्यले बाबा? आमच्या सासऱ्यानं सोनं लपवलं का आत?"

"ओल पाह्यतो बाई," मी म्हणतो.

आत गार लागलं की बरं वाटतं. कधी मधोमध थोडी ऊब लागते. दाबून भरलेल्या कापसाला ती असतेच, हे मला ठाऊक आहे. तरी मग राऊतांकडचा चहा मला गिळवत नाही.

गाडी बनवली ती वर्षं अशी होती की कापूस पांढरा दिसायचा आणि माणसं काळी पडलेली. भाव इतका पडला होता की बाजारात नेलेली गाडी कधी कधी भरलेलीच परत यायची. वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं आणि ते कशासाठी आलंय हे वाचायच्या आधीच कळायचं. मी तेव्हा टेक्निकल शाळेत वर्कशॉप शिकवायचो. सुटीच्या दिवशी वर्कशॉपची किल्ली माझ्याकडेच असायची. अशाच एका रविवारी याकोब पाळक दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर सायकल.

"मास्तर, लोक सायकलवर बसतात. माझी सायकल माझ्यावर बसते," ते म्हणाले. "येशूनं क्रूस वाहिला, मी ही वाहतो. फरक एवढाच, की क्रूस पंक्चर होत नव्हता."

पाळक मूळचे नगरकडचे. एका लहानशा मिशनने त्यांना आमच्या भागात धाडलं होतं. पैनगंगेच्या काठाकाठाने कोलामांचे पोड आहेत, पाच-पंचवीस घरांच्या वस्त्या. पाळक तिथे औषधाची पेटी आणि बाजा घेऊन जायचे. कुणी येशूचं ऐकायचं, कुणी नुसतं गाणं ऐकायचं, आणि खोकल्याचं औषध सगळेच घ्यायचे. अडचण होती ती वाटेची. काठ ओघळींनी असा फाटलेला, की तिथून चालणंही मुश्कील. पाऊसकाळ सरला की लोक सरळ नदीच्या पात्रातून जातात. पात्र म्हणजे रेती, नजर जाईल तिथपर्यंत. सायकल रुतायची, बैलगाडीला अख्खा दिवस लागायचा, आणि जीप घ्यायची ऐपत त्या मिशनची नव्हती.

"एक गाडी बनवा मास्तर. रेतीवर चालेल, मी बिघडवली तर मलाच दुरुस्त करता येईल, आणि आजारी माणूस मागे झोपवता येईल अशी. बाकी तुम्ही हुशार आहात."

त्या शेवटच्या वाक्याने मी पकडला गेलो. मला तोवर हुशार कोणी म्हटलं नव्हतं.

ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते आणि त्यांची आठवण काढायलाही मला भीती वाटते, ही मोठी विचित्र गोष्ट आहे. रविवारची दुपार, वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली चाकं, त्यांवर उकिडवे बसलेले पाळक. रेतीत चाक रुंद पाहिजे, हे आम्ही नदीत अनवाणी चालून ठरवलं. टाचेवर जोर दिला की पाय आत जायचा, तळवा पसरला की वर राहायचा. "उंटाला हे देवानं आधीच सांगून ठेवलंय," पाळक म्हणाले, "आपल्याला उशिरा कळलं." भंगारातली एक मोपेड आणली. तिचं पुढचं चाक तसंच ठेवलं. मागे स्कूटरच्या दोन-दोन रिमा जोडून वेल्ड केल्या, म्हणजे प्रत्येक बाजूला दुप्पट रुंदीचं चाक झालं. बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, भंगारातून एक मोठं दातेरी चक्र मिळालं. ते मागच्या आसाला बसवलं, तेव्हा गाडीचा वेग कमी झाला आणि ओढ वाढली. मागे बसायला लाकडी चौकट, तिला बाजेसारखी सुंभाची वीण. टायरमध्ये हवा कमी ठेवली की टायर बसका व्हायचा आणि गाडी रेतीवरून होडीसारखी जायची. पहिल्या दिवशी पाळक नदीत गोल गोल फिरत मोठमोठ्याने गात होते आणि धोबिणी कपडे आपटायचं सोडून बघत होत्या.

"पादरीसाहेब, लग्नाले चालले का?"

"नवरी शोधून ठेवा, आलोच!"

मग बाभळीचे काटे आले. पुरात वाहून आलेल्या फांद्या रेतीत गाडलेल्या असतात, वर फक्त काट्यांची टोकं. ट्यूबला ठिगळं लावून लावून शेवटी ठिगळाला ठिगळ लागायला लागलं. पाळक पुन्हा चालत यायला लागले, या वेळी गाडी ढकलत.

कापसाची कल्पना माझी. ही पहिली गोष्ट मला सरळ सांगायची आहे, कारण पाळकांनी ती सगळीकडे 'आमची' म्हणून सांगितली आणि मीही सांगू दिली. ट्यूब काढून टाकायची आणि टायरमध्ये कापूस ठासून भरायचा. कवडी कापूस, म्हणजे किडका, डागी, जो कुणी विकत घेत नाही. त्या वर्षी तो घरोघरी पडून होता. काटा शिरला तर शिरू दे, कापसातून काय जाणार आहे? पाळकांनी टाळी दिली. "बाजार विचारत नाही ना याला? आपण देवाच्या कामाला लावू." पण कापूस पाणी पितो. पात्रात मधे मधे घोटाभर पाणी असायचंच. तेव्हा मला बैलगाड्या आठवल्या. आमच्याकडे गाडीच्या लाकडाला जवसाचं तेल पाजतात, म्हणजे लाकूड पाणी धरत नाही. कापसाला का पाजू नये? आणि आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून मी रिमांना बारीक भोकंही पाडली. त्या भोकांचा मला फार अभिमान होता.

माझे वडील जिनिंगमध्ये होते. मशीन पुसलेला तेलकट कापूस ते कधी कोपऱ्यात पडू द्यायचे नाहीत. बाहेर नेऊन मातीत पुरायचे. "तेल प्यालेला कापूस आपोआप पेटते बापू, त्याले काडी लागत नाही," असं त्यांनी मला सांगितलेलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी स्वतःलाही कधी सांगू शकलो नाही. मी एवढंच मनाशी म्हटलं, की टायरमध्ये हवा कुठे असते? हवा नाही तर आग कशी लागेल? हे म्हणणाऱ्याच्या हातात त्या वेळी भोकं पाडायचं ड्रिल होतं.

चाकं भरून झाल्यावर उरलेला तेलाचा कापूस मी घमेल्यात घालून घरी अंगणात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची हाक आली.

"अहो, हे काहून धुपून राह्यलं?"

घमेल्यातून धुराची एक बारीक रेघ निघत होती. वरून कापूस पिवळसर तेलकट, आणि काडीने उकरला तर आत काळा, आणि त्याच्याही आत लाल. मी बादलीभर पाणी ओतलं.

"माह्या बिडीची ठिणगी पडली असन," मी म्हटलं.

"तुम्ही सकाऊन कधी बिडी ओढता?" ती म्हणाली, आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. हातांना जवसाचा वास येत होता.

नाताळ तोंडावर आला होता. त्याच दिवशी दुपारी पाळक गाडी घेऊन पोडावर जायचे होते आणि मला सोबत नेणार होते. नंतर मिशनची मोठी माणसं गाडी बघायला येणार होती. राजस्थानातल्या त्यांच्या एका केंद्राला वाळवंटात अशीच गाडी हवी होती, तिचा नकाशा मी काढतच होतो. चाकं उघडू, कापूस काढू, असं म्हणायला मला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ होता. मी म्हटलं नाही. माझ्या गाडीत चूक आहे असं म्हणावं लागलं असतं.

नदीच्या पात्रात ती गाडी जशी चालली तशी कधी चालली नव्हती. काटे मोडत होते, चाक पुढे जात होतं. पाळकांनी मधे थांबून मला मिठीच मारली. मिठी सुटल्यावर मी वाकलो आणि मागच्या टायरला हात लावला. टायर गरम होता. दुपारचं ऊन होतं, रबर काळं, तापणारच. पण सावलीकडची बाजूही तेवढीच गरम होती. मी हात काढून घेतला आणि शर्टाला पुसला.

"काय मास्तर?"

"काही नाही. उन्हानं तापलं."

पोडावर भिमाबाईचं घर सगळ्यांत पहिलं लागायचं. एकटी बाई, वयाने माझ्याच आगेमागे, कमरेत जरा वाकलेली आणि जिभेची तिखट. तिच्या कुडाच्या घरापुढे पाळकांनी मिशनकडून टिनाचं छप्पर घालून दिलं होतं, आणि टिनाचं ते एकच, म्हणून सगळ्या पोडाचा वेचलेला कापूस तिच्याकडे ठेवलेला असायचा. आणखी एक गोष्ट तिच्याकडे असायची, ती म्हणजे विस्तव. त्यांच्याकडे त्याला इस्तो म्हणत. तिच्या चुलीत राखेखाली तो कायम जपलेला असायचा आणि सकाळी बायका खापराचा तुकडा घेऊन तिच्या दारात यायच्या. सगळ्या चुली तिच्या चुलीवरून पेटायच्या. कुणी आलं नाही तर ती चौकशीला जायची, घरात दुखणं तर नाही ना म्हणून. काडेपेट्या दुकानात मिळत नव्हत्या असं नाही. पण तो तिचा मान होता.

गाडी पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पादरीबाबा, हे बैल कुठचे आणले? चारा काय खाते?"

"कापूस खाते बाई," पाळक म्हणाले.

"मंग तर आमच्याच घरचं जनावर हाय. बांधा आत, सावलीत. उन्हात काहून ठेवता?" तिने स्वतः टिनाखालचा कापूस दोन्ही हातांनी सरकवून जागा केली.

गाडी बाहेर उन्हातच राहू द्या. एवढंच म्हणायचं होतं. कारणही सांगायला नको होतं. पाळकांनी गाडी आत लावली, मागचं चाक ढिगाला टेकलं, आणि मी त्या चाकाकडे पाठ करून शेताकडे चालायला लागलो, कारण सगळे तिकडे वेचत होते आणि पाळकांना तिथेच गाणं म्हणायचं होतं.

त्या गाण्यातला एक शब्द मला आठवत नाही. मला आठवतात ओटीत कापूस टाकणारे हात आणि पोडाच्या दिशेला पुन्हा पुन्हा वळणारी माझी मान. धूर मीच पहिल्यांदा पाहिला. पाहिल्यावरही ओरडलो नाही. दुसऱ्या कुणाला दिसेपर्यंत मी थांबलो. किती वेळ थांबलो हे मला सांगता येत नाही. तेवढ्यात एक बाई किंचाळली आणि सगळे पळत सुटले.

माणसं सगळी शेतात होती म्हणून वाचली. भिमाबाईचं घर आणि पोडाचा सगळा कापूस गेला. कापसाचा ढीग नुसता भडकून जळून जात नाही. वर पाणी ओतलं की विझल्यासारखा होतो आणि फावड्याने उचकटला की आत लाल डोळा उघडतो. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हाही तो धुमसत होता. टिनाचे पत्रे वाकून खाली आले होते, मागे भिमाबाईच्या घराची राख होती, आणि गाडीच्या जागी माझ्या जोडलेल्या रिमा तेवढ्या उभ्या होत्या.

पोडाचे प्रमुख, नाईक, यांनी सगळ्यांना बोलावलं. "घरात इस्तो कोणाच्या होता?" एवढंच त्यांनी विचारलं.

"माह्या होता," भिमाबाई म्हणाली. "राखीखाली झाकला होता. पण वारा होता."

कुणी तिला शिवी दिली नाही. ती उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पाया पडायला वाकली.

"मास्तर, तुमची एवढी मेहनतीची गाडी माह्यापायी जळली. मले माफ करा."

आणि मी तिला माफ केलं. "जाऊ द्या बाई," मी म्हटलं. "माणसं वाचली हेच खूप." माझा आवाज इतका मऊ निघाला, की पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाताळच्या उपासनेत त्यांनी सगळ्यांपुढे माझी गोष्ट सांगितली. हा मनुष्य ख्रिस्ती नाही, पण क्षमा कशी करावी ते याच्याकडून शिका, असं ते म्हणाले. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. लोक वळून बघत होते, हसत होते. त्या दिवशी मला जितकी भीती वाटली तितकी आगीच्या वेळीही वाटली नव्हती. एखादं पोर उठून म्हणेल, मास्तरांच्या हाताला कसला वास येतो ते विचारा, असं सारखं वाटत होतं.

राजस्थानला पाठवायच्या नकाशातून मी कापूस खोडून टाकला. तिथे परत ट्यूब दाखवली.

"का हो?" पाळकांनी विचारलं.

"तिकडं कापूस कुठून आणतील?"

"खरंच की," ते म्हणाले. "तुम्ही सगळा विचार करता."

न पाहिलेल्या माणसांना मी वाचवलं. म्हणजे मला सगळं नीट कळत होतं.

पुढच्या हिवाळ्यात पोडावर गेलो तेव्हा कुणीच भिमाबाईच्या दारात खापर घेऊन उभं नव्हतं. नाईकांच्या घरून विस्तव जात होता. लोकांनी मिळून तिला नवं घर बांधून दिलं होतं, तिला ज्वारी देत होते, तिच्याशी बोलत होते. फक्त तिच्या चुलीचा विस्तव कुणी नेत नव्हतं. तिनेही घरात चूल ठेवली नव्हती. ओढ्याच्या काठी, सगळ्या घरांपासून लांब, तीन दगड मांडून ती भाकर भाजायची आणि उठताना घागरभर पाणी ओतून निखारे विझवायची. मग हाताने राख चाचपून बघायची. थंडी मरणाची होती. घराघरापुढे शेकोट्या होत्या, आणि ती कुणाच्याच शेकोटीजवळ न बसता गोधडी गुंडाळून दारात बसली होती.

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. तिने भाकरीवरचा हात थांबवला.

"सांगून या तुम्ही," ती म्हणाली.

"काय सांगून येऊ?"

ती पुन्हा भाकर थापायला लागली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि मरेपर्यंत अंगणात तेलाचा कपडा कधी वाळत घातला नाही.

पाळकांची बदली झाली. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. त्यांना सांगायचं राहिलं, पण ते मला फारसं टोचत नाही. ते हसले असते, मग रडले असते, मग माझ्यासाठी प्रार्थना केली असती. मला भीती भिमाबाईची होती. तिला खरं कळलं की तिचे सगळे हिवाळे मी परत द्यावेत असं ती म्हणेल, आणि त्यात तिची चूक नसेल.

दोन वर्षांखाली मी गेलो. आता पोडापर्यंत डांबरी रस्ता आहे, ऑटो थेट दारात जातो. वाटेत मी वाक्य पाठ केलं होतं. भिमाबाई पार वाळून गेली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, तरी मी हाक मारल्यावर तिने मला आवाजावरून ओळखलं.

"मास्तर? बसा. पाठ बुढी झाली तुमची."

"तुमचीही झाली."

"माही तर पहिल्यापासूनच हाय." ती हसली. आम्ही पावसापाण्याचं बोललो. पाळकांचं बोललो. त्यांच्या गाण्याची नक्कल तिला अजून येत होती. मग मी म्हटलं, "भिमाबाई, ती गाडी..."

तिचं हसू गेलं. ती चाचपत पुढे सरकली आणि तिने माझे पाय धरले.

"मास्तर, अजून राग हाय का तुमच्या मनात? एवढ्या वर्सानं तेच विचाराले आले का?"

मी तिचे हात सोडवले. तिच्या तोंडाकडे बघितलं. ते घाबरलेलं होतं, माझ्यासारखंच. "नाही," मी म्हटलं. "राग नाही." तिने मोठा श्वास सोडला आणि डोळे पुसले. मी तिने दिलेलं पाणी प्यालो आणि ऑटोत बसलो.

यंदा पोळ्याच्या सुमारास ती गेली. मला घाटंजीच्या बाजारात कळलं.

वाटेत पाठ केलेलं वाक्य असं होतं. भिमाबाई, आग तुमच्या चुलीतून लागली नव्हती. माह्या चाकातून लागली, अन् हे मले त्याच दिवशी ठाऊक होतं. मले माफ करा.